मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांच्या उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या कितीतरी आधी झिजायचा. कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्याला त्याचं कारण पाठ होतं. मास्तर दिसले की तो न विचारता उजवाच बूट काढून घ्यायचा आणि डाव्याकडे ढुंकूनही बघायचा नाही.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ गाडीत ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली. उभा जन्म त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून काढला म्हटल्यावर पायाला ती खोडच लागली होती. बसमध्ये पुढच्या सीटवर बसले तर पुढचा पत्रा दाबायचे. मेहुण्याने नवी गाडी घेतली आणि कौतुकाने यांना फिरवायला नेलं, तर परत आल्यावर तो बहिणीला म्हणाला, "ताई, दाजींना पुढच्या वेळी मागे बसव. माझ्या मॅटला भोक पडेल." घरी टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली तरी सोफ्यावर बसल्या बसल्या यांचा पाय चालायचा. आणि चालत्या गाडीत झोप म्हणाल तर नाव नको. सगळी बस घोरत असायची आणि मास्तर एकटे टक्क जागे, ड्रायव्हरच्या वतीने रस्ता बघत.

पण शिकवायला माणूस सोनं होता, हं. इतर गाडी-शाळांमधून शिकणारी माणसं रडवेली होऊन बाहेर पडायची. मास्तरांच्या गाडीतून उतरणारा माणूस शीळ घालत उतरायचा. ते कधी ओरडायचे नाहीत. शिकणारा चुकला की तोंड उघडायचं नाही, पाय हलवायचा, एवढंच त्यांचं शास्त्र. आणि पायही असा अलगद, की गाडी कुणी थांबवली याचा शिकणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. त्याला वाटायचं, वा, जमलं की आपल्याला. मास्तरांना या हलक्या पायाचा मनातून फार अभिमान होता. बायकोला त्यांनी तो अनेकदा बोलूनही दाखवला होता, आणि तिने शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता "हो का" म्हटलं होतं.

तर अशा माणसाची एकुलती एक लेक, आणि तिला गाडी येत नव्हती. अर्ध्या गावाला शिकवून झालं, पण लेकीचं नाव काढलं की मास्तर "उद्या बघू" म्हणायचे. तो उद्या काही उजाडत नव्हता. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटायची. रस्त्यावर काय काय होतं ते त्यांच्याइतकं कुणी बघितलं नव्हतं.

शेवटी नोकरीने त्यांना कोंडीत धरलं. लेक मोडलेल्या हातापायांकडून, लुळ्या पडलेल्या अंगाकडून व्यायाम करून घ्यायचं शिकली होती. वर्षभर नोकरीसाठी वणवण करून तिला एका दवाखान्यात हवं तसं काम मिळालं. ज्या पेशंटना दवाखान्यात येता येत नाही त्यांच्या घरी जाऊन व्यायाम घ्यायचे. त्यासाठी दवाखाना गाडी देणार होता. मोठ्या डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या, "एक तारखेला लायसन्स दाखव आणि किल्ली घे. नाहीतर तुझ्या मागे उभी असलेली मुलगी मला बोलवावी लागेल."

लेक घरी आली ती थेट बापापुढे उभी राहिली. "बाबा, आता उद्या-बिद्या नाही."

मग काय करतात. मास्तर रोज सकाळी, बाकीचे शिकाऊ यायच्या आधी, लेकीला घेऊन निघायला लागले. पोरगी चलाख होती. बसलं की आधी सीट, मग आरसे, मग पट्टा, हे एका दिवसात हाताला बसलं. वळायच्या आधी आरसा, मग दिवा, मग मान वळवून मागे एक नजर, हेही बसलं. गिअर टाकताना गाडीचा आवाज ऐकायचा, खाली बघायचं नाही, हे तर तिला सांगावंच लागलं नाही. मास्तर घरी येऊन बायकोला म्हणायचे, "अगं, जन्मजात ड्रायव्हर आहे." बायको म्हणायची, "हो का."

आता एक गोष्ट मास्तरांच्या स्वतःच्याही लक्षात आली नव्हती. परक्यांना ते जरा तरी चुकू द्यायचे. गाडी वीतभर पुढे जाऊ द्यायचे, मग पाय. ही पोटची पोर. हिच्या वेळी पाय आधीच जायचा. लांबवर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे दिसले की पाय खाली. शाळेची पाटी दिसली की पाय खाली. उभ्या बसच्या पुढून कुणी येईल, या नुसत्या शंकेने पाय खाली. आणि तोही लोण्यातून सुरी फिरावी इतका हलका. लेकीला रस्ता कसा गुळगुळीत वाटायचा.

परीक्षेच्या दिवशी मास्तर नवा शर्ट घालून गेले. परीक्षा घेणाऱ्या मॅडम मास्तरांच्या जागेवर बसल्या, लेकीने पट्टा लावला, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. मास्तर बाकावर बसून बाकीच्यांना धीर देत होते. "घाबरायचं काय त्यात," वगैरे.

गाडी फारच लवकर परत आली. चालवत मॅडम होत्या.

लेक उतरली तिचा चेहरा पांढराफटक. घरात आल्यावर खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, ही गाडी झेब्रावर आपोआप हळू होते ना? आज का नाही झाली?"

मास्तरांच्या हातातला पेला हातातच राहिला.

"मी आरसा बघितला, वेग बरोबर होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते," लेक सांगत होती. "पट्टे आले. एक म्हातारे पिशवी घेऊन पट्ट्यांवर उतरले होते. मला दिसले ते. पण मला वाटलं, आता गाडी हळू होईल. रोज होते. झालीच नाही. मॅडमनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. म्हाताऱ्यांच्या हातातली पिशवी पडली. बाबा, इतकेच लांब होते ते माझ्यापासून." तिने टेबलाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर बोट नेलं.

मास्तर म्हणाले, "उतार असेल तिथे." शिवणाचं मशीन थांबलं. बायको म्हणाली, "अहो, उतार कसला. पाय तुमचा."

लपवाछपवी करावी असा मास्तरांचा स्वभाव नव्हता. त्यांनी पेला खाली ठेवला आणि सांगून टाकलं. "गाडी मी हळू करत होतो, बाळ. रोज. तुला कळू नये असा दाबायचो."

लेकीचा असा काही संताप झाला की आईसुद्धा उठून उभी राहिली. "म्हणजे मला येतच नव्हतं," ती म्हणाली. "मी रोज घरी येऊन आईला सांगायची, आज किती छान थांबवली. आणि तुम्ही समोर बसून ऐकायचात. एखाद्याचा जीव गेला असता माझ्या हातून. तुम्हाला काय वाटलं, जन्मभर शेजारी बसणार आहात?"

खरं म्हणजे मास्तरांना तसंच वाटलं होतं. पण हे काही बोलून दाखवायचं उत्तर नव्हे. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली, कारण त्या क्षणी त्यांना आपले जुने शिकाऊ आठवायला लागले. शीळ घालत उतरलेला तो कापडवाला, ज्याने पहिल्याच दिवशी स्वतःच्याच दुकानाचं शटर वाकवलं होतं. सगळे म्हणाले होते, नवशिका आहे, चालायचंच. मास्तरही तसंच म्हणाले होते.

लेक दुसऱ्या गाडी-शाळेत जाते म्हणाली. पण तिथे रांग होती, आणि एक तारखेच्या आधी परीक्षा द्यायची एकच संधी उरली होती. संध्याकाळी आई दोघांच्या मध्ये येऊन बसली. ती मुलींना शिवण शिकवायची. म्हणाली, "माझ्याकडे मुली येतात, त्यांच्या मशीनला मी पाय लावत नाही. दोरा तुटतो, कापड वाया जातं, एखादीच्या बोटात सुई घुसते. मी शेजारी असते, पण पाय माझ्या स्टुलाखाली असतात."

"कापडाचं ठीक आहे गं," मास्तर म्हणाले. "रस्त्यावर माणसं असतात. पाय काढून कसा घेऊ?" आणि हे मात्र त्यांचं बरोबर होतं. शिकाऊ गाडीतला दुसरा ब्रेक काही शोभेला दिलेला नसतो.

तोडगा लेकीनेच काढला. राग गेला नव्हता, तोंड फुगलेलंच होतं, पण डोकं चालत होतं. "दाबा," ती म्हणाली. "दाबायची वेळ आली तर जरूर दाबा. पण चोरून नाही. तुम्ही दाबलात की मला कळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले. हा त्यांचा जुना मित्र. मास्तरांच्या बाजूच्या ब्रेकला असं काहीतरी लाव, की दाबला रे दाबला की आवाज व्हावा, असं ऐकल्यावर तो इतका हसला की त्याला पाना खाली ठेवावा लागला. "तुझ्या पायावर पहारा बसवायचा म्हणजे," तो म्हणाला. आवाजाचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. होती ती त्याच्या घराच्या दारावरची जुनी बेल. तीच त्याने तारेने जोडून दिली.

त्या दिवसापासून गल्लीला करमणूक झाली. गाडी फाटकातून निघाली, टिंगटाँग. कोपरा आला, टिंगटाँग. समोरून एक रिकामी हातगाडी येताना दिसली, टिंगटाँग, टिंगटाँग. फळं विकणारी बाई म्हणाली, "मास्तर, गाडीला दार बसवलंत का?" मास्तरांचे कान लाल झाले. आपला पाय इतका चालतो हे त्यांना आजवर खरंच ठाऊक नव्हतं. हलका पाय, हलका पाय म्हणून मिरवत होते, आणि आता बघावं तर बाजाराच्या रस्त्याला बेलची वायर गरम व्हायची वेळ आली.

लेकीने पहिले दोन-चार आवाज दात-ओठ खाऊन ऐकले. मग एकदा बेल वाजल्यावर तिच्या तोंडून घरच्या सवयीने निघून गेलं, "कोण आहे?"

आणि मास्तरांनीही घरच्यासारखंच उत्तर दिलं, "सायकलवाला."

"कुठे? दिसत तर नाही."

"त्या टेम्पोच्या मागे. खालून चाक दिसलं."

लेकीने पुढे जाऊन बघितलं तर टेम्पोमागून खरोखरच सायकलवाला निघाला. तिने बापाकडे तिरका कटाक्ष टाकला. राग तिथेच थोडा ढिला पडला, असं मास्तरांना वाटलं.

मग तोच नियम झाला. बेल वाजली की ती विचारायची, "कोण आहे?", आणि मास्तरांना सांगावं लागायचं. सांगताना त्यांची त्रेधा उडायची. इतकी वर्षं डोळ्यांनी बघितलेलं थेट पायात उतरायचं, तोंडाच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

"दार," ते म्हणायचे.

"कुठलं दार?"

"त्या उभ्या गाडीचं. आता उघडेल."

"कशावरून?"

"आत डोकं हललं. आणि मागचे दिवे आत्ताच विझले. म्हणजे गाडी थांबवून माणूस उतरणार. हातभर बाजूने जायचं."

बोलायला लागल्यावर मात्र मास्तरांचा बांध फुटला. रस्त्यावर चेंडू आला की चेंडूकडे बघायचं नाही, तो जिथून आला तिकडे बघायचं, कारण त्याच्या मागोमाग मूल येतं. पुढच्याने दिवा लावला म्हणजे तो वळणार असं धरायचं नाही, त्याचं पुढचं चाक बघायचं, दिवा विसरून राहतो, चाक विसरत नाही. पुढच्या गाडीचं मागचं चाक जिथे रस्त्याला टेकलंय तेवढं दिसेल इतकं अंतर ठेवून थांबायचं. म्हातारं माणूस फुटपाथच्या कडेला नुसतं उभं असलं तरी ते निघालंय असंच समजायचं. हिरवा दिवा लागला तरी आधी दोन्हीकडे बघायचं, कारण तांबडा दिवा तोडणाऱ्याने आपल्याला विचारलेलं नसतं. फोन? फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत, आणि पिशवीची चेन लावलेली. हे सगळं ते पूर्वी बोलले असते तर कापडवाल्याचं शटर वाचलं असतं.

काही दिवसांनी लेकच आधी बोलायला लागली. पट्टे लांब असताना म्हणायची, "झेब्रा. बाई आणि मूल, मुलाने हात सोडलाय," आणि गाडी तिच्या पायाने हळू व्हायची. सुरुवातीला धक्के बसायचे. मास्तरांचं कपाळ दोनदा काचेकडे गेलं, तेव्हा पट्टा होता म्हणून निभावलं. ते हू की चू न करता बसायचे, मुठी मांडीवर आवळून. पाय ब्रेकच्या बाजूला तयार असायचा, पण ब्रेकवर नसायचा. हे सांगायला सोपं आहे. मास्तर घरी येऊन पाय चेपत बसायचे, न दाबल्याने तो दुखायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पूर्ण फेरीत बेल वाजली नाही. गल्लीत शिरताना फळवाली म्हणाली, "मास्तर, बेल बिघडली काय?" मास्तरांनी तिच्याकडे पाहून खुशाल हात हलवला.

परीक्षेला यावेळी त्यांनी कुणालाही धीर दिला नाही. बाकावर बसले आणि फाटकाकडे बघत राहिले. गाडी बराच वेळ आली नाही. मग आली, सावकाश, फाटकाशी दिवा दाखवून वळली आणि आखलेल्या चौकटीत उभी राहिली. लेक उतरली. मास्तर पुढे झाले आणि त्यांच्या तोंडून पास-नापास काही आलंच नाही. ते म्हणाले, "वाजली?"

"एकदा," लेक म्हणाली.

म्हणजे मॅडमना ब्रेक दाबावा लागला. सगळं संपलं. नोकरी त्या दुसऱ्या मुलीची.

"निघायच्या आधी," लेक म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "मॅडमनी विचारलं, ही वायर कसली? मी सांगितलं. मग त्यांनी उभ्या गाडीत दाबून बघितली. दोनदा दाबणार होत्या, मीच नको म्हटलं."

मागून मॅडम उतरल्या. म्हणाल्या, "मास्तर, ती बेल काढू नका. पुढच्यांना लागेल." मास्तर "हो हो" म्हणाले आणि डोळे पुसायला खिशातला रुमाल शोधायला लागले. रुमाल काही सापडला नाही, मग नव्या शर्टाच्या बाहीने काम भागवलं.

एक तारखेला लेकीला किल्ली मिळाली. पहिल्या दिवशी मास्तरांनी "मी येतो नुसता" असं म्हणून बघितलं. डॉक्टरीणबाईंनी हसून परवानगी दिली, पहिलाच दिवस म्हणून. बायको दारात म्हणाली, "जाताय तर पाय घरी ठेवून जा."

दवाखान्याच्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता. बेलही नव्हती. मास्तर शेजारी बसले, पट्टा लावला, आणि पहिल्या चौकापर्यंत मॅट दाबत गेले. दुसऱ्या चौकाला लेक स्वतःशीच पुटपुटली, "रिक्षा, उजवीकडे, थांबणार नाही." आणि ती रिक्षा थांबली नाही, पण हिची गाडी कधीच थांबली होती. मास्तर खिडकीतून बाहेर बघायला लागले. दुकानं, कपडे वाळत घातलेल्या गच्च्या, एका घराला नुकताच दिलेला निळा रंग. याच रस्त्यावरून ते आयुष्यभर गेले होते, पण हे घर दोन मजली आहे हे त्यांना आज कळलं. परीक्षेपर्यंतचे सगळे दिवस त्यांना नीट झोप लागली नव्हती.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, त्यांच्या बाजूची काच चार बोटं उघडी. रस्ता चढाचा होता. शेजारची सीट रिकामी. मास्तर धडपडून उतरले आणि आधी गाडीभोवती एक फेरी मारली. कोपऱ्यापासून लांब लावलेली. कुणाच्या फाटकापुढे नाही. पुढची चाकं अशी वळवून ठेवलेली की हँडब्रेक सुटला तरी गाडी फुटपाथच्या कडेला जाऊन टेकेल, रस्त्यावर घरंगळणार नाही. आणि हे सगळं ते झोपलेले असताना. बाजार गेला, शाळा गेली, तो झेब्रासुद्धा गेला असणार, आणि त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. चालत्या गाडीत त्यांना झोप लागली होती. ते तिथेच बॉनेटला हात लावून उभे राहिले.

लेक बॅग घेऊन घरातून बाहेर आली. "उठलात? इथल्या आजोबांनी आज पाय स्वतःच्या जोरावर वर उचलला," ती म्हणाली.

"मला उठवायचं नाही का?"

"कशाला? आईला फोन करून सांगितलं तुम्ही झोपलात म्हणून. तिने विचारलं, कोण, आपले?"

दोघं बसले. लेकीने आरसा बघितला, दिवा लावला, मान वळवून मागे पाहिलं आणि गाडी काढली.

"पुढचं घर कुठे आहे?" मास्तरांनी विचारलं.

"लांब आहे. पलीकडच्या टोकाला."

"मग जरा पडतो," मास्तर म्हणाले. त्यांनी सीट मागे केली, दोन्ही पाय जवळ ओढून घेतले आणि डोळे मिटले. खरं तर आता झोपेचा पत्ताही नव्हता, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. चढ संपला, वळण आलं, माणसांचा गलबला जवळ आला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि थांबली. समोरून काठीचा टकटक आवाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सावकाश गेला. तो पूर्ण पलीकडे पोहोचल्यावर लेकीने गिअर टाकला.